कडी, कोंबडा आणि तीन

२ मे, सकाळी, लॉन्ड्रीच्या मागच्या पायरीवर बसून

ताई,

हे पत्र फाडू नकोस. त्याचं नाव दिसलं तर पत्र न वाचता कचऱ्यात जाईल असं तू बजावलं होतंस, म्हणून मी नाव लिहीतच नाहीये. कोंबडा लिहिते. डोक्यावर लाल तुरा उभा करून तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हापासून आई त्याला कोंबडाच म्हणायची. तू त्याच्याशी लग्न करणार होतीस म्हणून मी मात्र आरशासमोर 'भाऊजी' म्हणायची तालीम करत होते. सगळी मेहनत पाण्यात.

तर कोंबडा सापडला!

काल हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यात कुणा पाहुण्याची पँट चुकून आली. मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचं काम माझ्याकडे आहे. खिशात एक रंगीत जाहिरात निघाली. 'काउबॉयच्या गावात या! रोज भर दुपारी द्वंद्वयुद्ध! लहान मुलांना घोड्यावर चक्कर!' खाली फोटो. मोठी हॅट, छातीवर पत्र्याचा तारा, चिकटवलेली मिशी, आणि गळ्यात तुझी गिटार.

त्याने तिला पांढरा रंग फासलाय, पण मी ओळखली. त्या लाकडात वरच्या कोपऱ्यात जी गाठ होती ना, अंड्याएवढी, ती रंगाखालूनही वर आली आहे. बाबांच्या न्हाणीघराचं दार आहे ते, मी नाही ओळखणार तर कोण? बाबा त्या दाराआड तास तास गात बसायचे आणि आई बाहेरून कडी वाजवून 'आटपा!' म्हणून ओरडायची. बाबा गेल्यावर ते घर सोडताना तू बाकी काही मागितलं नाहीस, ते दार तेवढं उचलून आणलंस आणि कापून, तासून त्याची गिटार केलीस. कडीसुद्धा ठेवलीस. पट्टा कडीत अडकवून तू वाजवायला उभी राहिलीस की मला बाबा आत आहेत असं वाटायचं.

आणि ती घेऊन तो पळाला, आणि तू आमच्यापासून पळालीस. दोन वर्षं एका पत्राला उत्तर नाही. खिडक्यांच्या चौकटी बनवतेस आणि वर्कशॉपमध्ये रेडिओही लावू देत नाहीस, असं कुणीसं सांगितलं.

मी ती गिटार आणायला चालले आहे. ती आणली तर तू पुन्हा वाजवशील का, हे मी विचारणार नाही. विचारलंय असं समज.

गाडी लॉन्ड्रीची आहे. मालकीणबाईंनी अगदी आनंदाने दिली. बेस वाजवायला, म्हणजे मारामारीला, आपल्या बँडमधला धिप्पाड भिंत येतोय. तो अजून घरं रंगवतो आणि अजून दिवसाला चार वाक्यं बोलतो. गाडीच्या बाजूवर 'धुऊन, वाळवून, घरपोच' लिहिलं होतं, त्यातलं 'घरपोच' तेवढं ठेवून बाकीच्यावर त्याने काळा रंग मारला आणि वर कवटी काढली. ड्रायव्हर अनुभवी मिळाला आहे. कोण ते विचारू नकोस.

तुझी धाकटी


४ मे, दुपारी, एका पेट्रोल पंपावर

ताई,

ड्रायव्हर आई आहे.

ओरडू नकोस. मी जाहिरात उशीखाली लपवली होती. आई चादर बदलायला आली, तिने बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "ते दार माझं आहे." आणि चपला घालून गाडीत जाऊन बसली, स्टिअरिंगच्या मागे! आता इतकी वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला तिथून कोण उठवणार? भिंत पुढे झाला होता, तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो मुकाट्याने मागे जाऊन चादरींवर बसला.

अगं, पण ती चालवते कशी! सगळीकडे उजाड माळरान, मिठासारखी पांढरी जमीन, क्षितिजापर्यंत एक गाडी नाही, आणि आमच्या मातोश्री वळताना इंडिकेटर देतात. वर हातही दाखवतात. काल भर वाळवंटात एक सिग्नल लागला. कुणी बसवला देव जाणे, आडवा रस्ता तर वाळूखाली गेलेला. दिवा लाल. आई थांबली. मी म्हटलं, "अगं आई, कुत्रं नाहीये इथे." तर म्हणे, "कुत्र्यासाठी नसतो सिग्नल. हिरवा पडल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, हलवली नाही, हलवणार नाही." आम्ही बसलो घाम पुसत. एक घोरपड रस्ता ओलांडून गेली, तिने सिग्नल पाळला नाही.

आणि मी इतकी खूश आहे ना, की सांगता येत नाही! खिडकीतून गरम वारा येतोय, भिंत मागे चादरींच्या डोंगरावर बसून बेस घुमवतोय, मी डॅशबोर्डवर काठ्या बडवतेय. दोन वर्षं मी फक्त इस्त्री केली. माझे हात विसरलेत असं मला वाटत होतं. ते काही विसरले नाहीत.

आईने आम्हाला थांबवून विचारलं, "तू चारपर्यंत मोजतेस आणि हा तीनलाच कसा सुरू होतो? घाई आहे का कुठे जायची?" तिला कधी सांगितलंच नव्हतं आपण! मग मी सांगितलं. आपला पहिला कार्यक्रम, तो पाण्याच्या टाकीखालचा. मी मोजत होते आणि तू घाबरून तीनलाच सुटलीस, डोळे मिटून, गळा फाडून. आम्ही तिघं, मी, भिंत आणि कोंबडा, धडपडत तुझ्यामागे. नंतर तू पडद्यामागे रडत होतीस, तेव्हा भिंत म्हणाला, "आपण नेहमीच तीनला सुरू करू. मग चूक कुणाची ते कळणार नाही." त्या दिवसाचं त्याचं एकुलतं एक वाक्य. सहा वर्षं आपण चौघं तीनलाच सुटलो. बाहेरचा कुणी वाजवायला आला की हमखास तोंडावर पडायचा.

आई ऐकून म्हणाली, "ती रडली, हे मला कुणी सांगितलं नाही." मग तिने पुढचे कितीतरी मैल काहीच टोकलं नाही.

तिची पाठ थोडी दुखतेय, पण काळजी करू नकोस. आणि हो, तिचे केस आता निळे आहेत. गाडीत कपड्यांच्या निळीची बाटली होती. माझे हिरवे, भिंतीचे नारिंगी, मग मीच पांढरी का राहू म्हणाली. मला तर ती फार सुंदर दिसते.

तुझी धाकटी


८ मे, दुपारी, मोटेलच्या व्हरांड्यात

ताई! ताई! ताई!

तू पत्रं वाचतेस!

थांब, क्रमाने सांगते. गाडीचा पट्टा तुटला म्हणून आम्ही दोन दिवस या मोटेलमध्ये अडकलो. इथल्या मालकाचं धुण्याचं मशीन बंद पडलेलं, पाहुणे नाकं मुरडत होते. आमच्याकडे कडक इस्त्रीच्या चादरी होत्या गाडीभर. आईने सौदा केला: चादरी घ्या, खोल्या द्या, अंडी-पाव द्या, आणि पट्टा बसवून द्या. मालकाने चादर नाकाला लावली आणि हसू का रडू असं त्याचं तोंड झालं.

आता एक गोष्ट कबूल करते. मालकीणबाईंनी गाडी आनंदाने दिली नव्हती. त्यांनी गाडी दिलीच नव्हती. किल्ली खिळ्याला होती, एवढंच. त्यांना मोटेलच्या फोनवरून मीच फोन केला, म्हटलं निदान आपण जिवंत आहोत हे तरी सांगावं. त्यांनी मला जे काही ऐकवलं ते या कागदावर लिहिता येणार नाही, कागदावर त्यांचंच नाव छापलंय. कामावरून तर काढलंच, वर आईची विचारपूस केली म्हणजे तिलाही चार शब्द सुनावले. आणि शेवटी म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा फोन आला होता."

मी ते त्यांना तीनदा परत म्हणायला लावलं.

माझी पत्रं लॉन्ड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर आहेत, वर नंबर आहे, तिथेच तू फोन केलास! निरोप काय, तर "तिला सांगा, परत फिर. मला ती गिटार नको." आणि फोन ठेवता ठेवता म्हणे, "आणि आईच्या पाठीला उशी द्या."

मी आईला निरोपाचा दुसरा भाग आधी सांगितला. ती उठली, आत गेली, मोटेलची उशी आणली, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, वर दोनदा थोपटली. म्हणाली, "बघ, उशी दिली म्हण तिला." डोळे कोरडेच होते, पण ती उशी ती उगाच पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

परत फिरणं आता जमायचं नाही, ताई. उद्या दुपारी आम्ही तिथे पोचतोय. बेत असा: द्वंद्वयुद्धाच्या वेळी सगळे रस्त्यावर बघत असतात आणि कोंबडा गिटार दारूच्या गुत्त्याच्या पायरीवर ठेवून लढायला उतरतो. जाहिरातीत तसंच चित्र आहे. भिंत गुत्त्याच्या मागून येणार, फळीखालून हात घालणार, गिटार घेणार, आम्ही पसार. इतकं सोपं आहे की मला भीतीच वाटत नाही. तरी काठ्या खिशात आत्ताच घालून ठेवल्यात.

तुझी धाकटी


९ मे, संध्याकाळी, रस्त्याच्या कडेला

ताई,

मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे.

काउबॉयचं गाव म्हणजे एकच रस्ता. दोन्ही बाजूंना बँक, तुरुंग, गुत्ता, सगळ्या नुसत्या पुढच्या भिंती, प्लायवूडच्या, मागून टेकू लावलेल्या. रस्त्यात खरी धूळ, खरे घोडे, आणि आइस्क्रीम खाणाऱ्या मुलांची ही गर्दी. आम्ही कवटीची गाडी घेऊन आत शिरलो, तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांना वाटलं आम्ही खेळातलेच आहोत.

बरोबर बाराला गुत्त्याचं झुलतं दार उघडून तो बाहेर आला. ताई, मी तुला खोटं सांगणार नाही, तो दिसतो अजून चांगला. त्याने तुझं गाणं म्हटलं. आपलं ते किंचाळायचं गाणं, टाकीखालचं! त्याने ते इतकं गोड, इतकं हळू करून ठेवलंय की पुढच्या रांगेतलं एक बाळ झोपलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गिटारचा पट्टा त्याने सुतळीने बांधला होता. कडीच्या जागी दोन भोकं.

मग काळ्या कपड्यातला एक माणूस पुढे आला. तो गावचा शवपेट्या करणारा, म्हणजे सूत्रसंचालक. त्याने नियम सांगितले. दोघांनी पाठीला पाठ लावायची, टिकल्यांची पिस्तुलं कमरेला, चालत लांब जायचं, वळून उभं राहायचं. मोजणी चारपर्यंत. चारला पिस्तूल काढून झाडायचं. आधी झाडलं तो लबाड, त्याला सगळ्यांसमोर घोड्यांच्या हौदात बुडवणार. "आहे कुणी, आमच्या शेरीफशी लढणारा?"

बेतात पुढचं असं होतं की कुणीतरी पाहुणा उठेल. भिंत मागे जायला निघालाही होता. पण कोंबड्याने गिटार पायरीवर ठेवली नाही. पाठीवर टाकली. बेत तिथेच संपला. मी कपाळावर हात मारला, आणि शेजारी बघते तर आई नाही.

आई रस्त्याच्या मधोमध. निळे केस, उन्हाचा चष्मा, पायात चपला.

"मी लढते," ती म्हणाली.

लोकांनी जो गलका केला! शवपेटीवाल्याने टेप काढून तिची उंची घेतली, हा त्याचा नेहमीचा विनोद. आई म्हणाली, "खांद्यात जरा सैल ठेवा हो, घट्ट मला चालत नाही." तो बिचारा पुढचं वाक्य विसरला.

कोंबड्याने तोपर्यंत तिला ओळखलं होतं. हॅटखालून पांढराफटक पडला. "आई, तुम्ही इथे?"

"आई म्हणायचं नाही. माझ्या बसमधली पोरंसुद्धा मला बाई म्हणायची," आई म्हणाली. "हरलास तर माझं दार परत दे."

"कुठलं दार?"

"पाठीवर घेऊन हिंडतोस ते."

लोक हसले. तोही हसला, लोकांसमोर दुसरं काय करणार. "आणि तुम्ही हरलात तर?"

"तर तुझं पुढचं गाणं मी पूर्ण ऐकेन," आई म्हणाली. भिंतीने ऐकलं असतं तर तोही हसला असता, पण तो गुत्त्याच्या मागे पोचला होता आणि त्याला अजून वाटत होतं की बेत चालू आहे.

शवपेटीवाला घंटा घेऊन मोजायला उभा राहिला. आईने बोट वर केलं. "मोजणारा त्याच्या बाजूचा कसा? माझी मुलगी मोजेल." सगळी पोरं ओरडली, "मुलगी! मुलगी!" झालं, मला पुढे ढकललं. समोर एक रिकामं पिंप होतं. खिशात माझ्या काठ्या होत्या.

शपथेवर सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. माझं सगळं लक्ष आईकडे होतं. एवढ्या उन्हात ती एकटी उभी, एक हात पाठीवर दाबलेला. मला वाटलं, ही हरणार, आणि आपण रिकाम्या हाताने ताईला काय तोंड दाखवणार? मी काठ्या उचलल्या आणि पिंपावर मारल्या, जशा नेहमी मारते तशा.

एक.

दोन.

तीन,

आणि ठो!

कोंबड्याचं पिस्तूल वाजलं! सहा वर्षं माझ्या काठ्यांवर तो तीनला सुटला होता ना, ताई! डोक्याला काही कळायच्या आत त्याचा हात सुटला. स्वतःच्याच हाताकडे तो असा बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

आणि त्याच तीनला गुत्त्याच्या मागे भिंतीचा उजवा पाय आपटला. गाणं सुरू करताना आपटायचा तसाच. तो नेमका टेकूवर बसला. आधी करकर झाली, मग तो सबंध गुत्ता, पाटी, झुलतं दार, सज्जा, सगळं रस्त्यावर हळूच आडवं झालं. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. धूळ बसली तेव्हा मागे दिसलं काय, तर दोरीवर वाळत घातलेले काउबॉयांचे पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे, कांदे सोलणारा स्वयंपाकी, आणि एक पाय हवेत धरून उभी असलेली आमची भिंत.

एवढ्या सगळ्यात एक माणूस हललं नव्हतं. आई. हात पिस्तुलावर, नजर माझ्यावर. अजून हिरवा पडला नव्हता.

"चार," मी म्हटलं.

आईने पिस्तूल काढलं, नीट नेम धरला आणि झाडलं. ठो. मग चष्मा काढून पुसला.

पोरांनी कोंबड्याला उचलूनच हौदात टाकलं. हॅट तरंगत बाजूला गेली. तुरा नाहीच आहे, ताई. सगळं मैदान. मिशीही एका बाजूने सुटली. मी हसले, खूप हसले, दोन वर्षांचं हसू एकदम निघालं. मग तो पाण्यात बसूनच पाठीवरची गिटार काढून आईला देत म्हणाला, "माझ्याकडे ती कधी नीट वाजलीच नाही." आणि मला हळूच विचारलं, "ती कशी आहे?"

मला त्याला एखादं जहरी उत्तर द्यायचं होतं. गाडीत बसून तशी कितीतरी तयार केली होती. पण तोंडातून निघालं, "मला माहीत नाही." आणि तिथे, सगळ्या आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांसमोर, मला रडू कोसळलं. आईने मला दंडाला धरून गाडीत बसवलं. गुत्ता पुन्हा उभा करायला भिंत थांबला, दोन तास लागले, वरून त्याने पाटीही रंगवून दिली. शवपेटीवाला म्हणाला, रोज असा पडणार असेल तर आम्हाला चालेल.

तुझी धाकटी


१३ मे, सकाळी, तुझ्या वर्कशॉपच्या समोर

ताई,

हे पत्र तुला भिंत आणून देईल. तो काही बोलणार नाही. त्याला पाणी दे.

वाटेत आम्ही पांढरा रंग खरवडला. भिंतीने पत्र्याने, मी नखाने, आईने पदर ओला करून. खाली तेच दार आहे. आई तीन दिवस ती मांडीवर घेऊनच झोपते आणि आम्ही हात लावला की म्हणते, "आटपा." काउबॉयच्या गावात कुणीतरी काढलेला कवटीच्या गाडीचा फोटो मालकीणबाईंपर्यंत पोचला, गाडी आवडली, असं फोनवर म्हणाल्या. गिऱ्हाइकं विचारतायत म्हणे. मला परत घेतील असं दिसतंय, चादरींचा हिशेब मात्र त्या सोडणार नाहीत.

एकच गोष्ट अडली आहे. गिटारला कडी नाही. पट्टा अडकवायला जागा नाही, उभं राहून वाजवता येत नाही. मी कोंबड्यावर आरोप केला, तेव्हा आईच म्हणाली, त्याला कडी मिळालीच नव्हती. ढिली झाली म्हणून तू ती, तो पळाला त्याच्या आदल्या दिवशी, काढून घेतली होतीस, नवे स्क्रू लावायला. म्हणजे दोन वर्षं ती तुझ्याकडे आहे. तू ती टाकली नसशील. तू काही टाकणाऱ्यातली नाहीस, आम्हाला सोडून.

हे लागलं तर लागू दे. मला फार लागलं होतं. तुझ्याशिवाय मला घर नको वाटायचं, ताई. आता लिहून टाकलं, बरं वाटलं.

खिडकीतून बघ. समोर कवटीची गाडी आहे. आई इंडिकेटर लावून बसलीय, पाठीला मोटेलची उशी आहे, ती आम्ही ढापली. फूटपाथवर मी पिंप मांडलं आहे, ते शवपेटीवाल्याने भेट दिलं. भिंत आत येऊन गेला की बेस लावेल. येणारे-जाणारे आत्ताच थांबून बघतायत.

बँडमध्ये परत ये असं मी म्हणत नाहीये. फक्त कडी आणि दोन स्क्रू घेऊन खाली ये. यायचं नसेल तर खिडकी लावून घे, आम्ही समजू, आई इंडिकेटर बंद करेल आणि आम्ही जाऊ.

पण खिडकी अजून उघडी आहे. मला इथून दिसतेय. मी काठ्या उचलते आहे आणि तुझ्यासाठी पुढचं मोकळं सोडते आहे.

एक.

दोन.